बी साइड

परवा माळा आवरताना बाबांची ती कॅसेट सापडली आणि मला एकदम बिड्डू आठवला. आता याचा त्याच्याशी काय संबंध? सांगते.

आपल्याला बिड्डू माहीत असतो तो 'कुर्बानी'तल्या (१९८०) नाझिया हसनच्या 'आप जैसा कोई'मुळे, नाहीतर अलिशाच्या 'मेड इन इंडिया'मुळे (१९९५). पण त्याच्याही आधी, १९७४ साली, बंगळुरूहून इंग्लंडला गेलेला हा माणूस कार्ल डग्लसचं एक गाणं रेकॉर्ड करत होता. स्टुडिओ मिळालेला तीन तास. त्यातले दोन तासांहून जास्त त्या एकाच गाण्यात गेले. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं, म्हणून डग्लसने स्वतः लिहिलेली काही गाणी दाखवली. त्यातलं कुंग फूवरचं बिड्डूने निवडलं. मागची बाजू कोण ऐकतंय, म्हणून त्यात हू-हा असे हुंकारही बिनधास्त घातले. शेवटच्या दहा मिनिटांत, दोन टेकमध्ये काम संपलं!

रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने ऐकलं आणि ठरवलं, हीच पुढची बाजू. रेडिओने आधी फारशी दाद दिली नाही. गाणं उचललं ते डान्स क्लबांनी. ब्रूस लीच्या सिनेमांचे दिवस होते ते. 'कुंग फू फायटिंग' त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या नंबरवर गेलं.

तर बाबांची कॅसेट. ए बाजूला त्यांची नाट्यगीतं. महिनाभर रियाज, शेजारच्या काकांचा तबला, आम्हाला गप्प बसायची सक्त ताकीद. (आत्या, तुला आठवत असेल.) बी बाजूला मात्र उरलेल्या टेपवर आम्हा दोघा भावंडांसोबत रचलेलं दूध न पिणाऱ्या मांजराचं गाणं. मध्येच आईची हाक, शेवटी बाबांचं खो खो हसणं.

बाबा गेल्यापासून आम्ही बी बाजूच ऐकतो. पाठ झाली आहे. ए बाजू कोणीच लावत नाही. गाणं जरा अवघडलेलंच आहे, खरं सांगायचं तर. पण त्यांना वाटत असणार, मुलांनी हीच ऐकावी. जीव तर तिच्यातच ओतला होता.

काल रात्री लावली. पूर्ण ऐकली. दोन ठिकाणी सूर हलला आहे, एकदा घसा खाकरला आहे. पण एक लक्षात आलं. मागच्या बाजूला ते इतके मोकळे हसतात, कारण पुढची बाजू पार पडलेली असते. बिड्डूच्या त्या दहा मिनिटांआधीही वादक दोन तास वाजवतच होते की.

असो. दादा, पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी ए बाजू लावू. मांजर नंतर.