गाडीचे वळण

आमच्या घरी एक म्हातारी आहे. ऐंशीला टेकलेली, अंगाने सडपातळ, पायांत सायकलीसारखी उंच, तारांची चाके. घरात तिच्याइतके लाड कुणाचेच झाले नाहीत आणि तिच्याइतके कुणी कुणाला रडवलेही नाही. ही एम्. जी. टी. सी. जातीची दोन माणसांची उघडी गाडी. 1945 ते 1949 या काळात विलायतेत अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. त्यांतली ही एक नगरच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाबरोबर आली, साहेब मायदेशी गेला तेव्हा मागे राहिली आणि पुढे पडत्या भावात आमच्या वडिलांच्या पदरात पडली. गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण माझ्या जिभेला जुन्या वळणाने नगर म्हणायचीच सवय आहे.

वडील तिच्यातून कोर्टात जात. दादाने मात्र तिला शर्यतीला नेले. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धाच्या वेळची विमानांची धावपट्टी होती. साठीच्या दशकात तिच्यावर मोटारींच्या शर्यती होत. दादा तिथून परतला तेव्हा त्याचा नंबर कितवा आला हे मी विचारलेच नाही. मी त्याचे तळहात पाहत राहिलो. दोन्हींवर फोड आले होते. या गाडीचे स्टिअरिंग मोठे तापट. हाताने जरा फिरवले की चाके लगेच वळतात, म्हणून तर जोर जास्त लागतो. शिवाय रस्त्यावरचा प्रत्येक खडा मनगटाला येऊन सांगतो, "मी इथे आहे." दादा मला शिकवताना म्हणे, "चाक मुठीत आवळू नकोस. बोटांना ऐकू दे."

दादा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्याची नात इंजिनियर झाली आणि आजोबांच्या गाडीवर तिने हक्क सांगितला. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर जुन्या गाड्यांना घड्याळाशी शर्यत लावायला मिळणार होती, तिथे तिला जायचे होते. अडचण एकच. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून तिचे उजवे मनगट मोडले होते. आत धातूची पट्टी आहे. चार वळणांतच हात भरून येई.

एके दिवशी ती जुन्या बाजारातून एक लोखंडी लोढणे घेऊन आली. भंगारात निघालेल्या एका लहान मारुतीच्या स्टिअरिंगचा दांडा, आणि त्याच्या कुशीत विजेची मोटर.

"आबा, हे बसवायचं."

मला कुणी तुळशीवृंदावनात प्लास्टिकचे रोप लावल्यासारखे वाटले. मी नाही म्हणालो. दादाच्या हातांनी जे सोसले ते या गाडीचे सत्त्व आहे, असेही काहीतरी बोललो.

तिने वाद घातला नाही. रविवारी मला आमच्या गावच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात घेऊन गेली. देशोदेशींचे रणगाडे तिथे झाडांच्या सावलीत ओळीने उभे आहेत. रंग ताजा, पाट्या स्वच्छ. एका बोजड धुडासमोर ती थांबली.

"याचं सगळं मूळचं आहे, आबा. फक्त हे आता कुठेच वळायचं नाही."

मी घरी येऊन गॅरेजची किल्ली तिच्या हातावर ठेवली. अट एकच घातली : जुने काही कापायचे नाही.

मग मी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागलो. मारुतीच्या दांड्यात एक बारीक, पिळता येणारी सळई असते. आपण चाक फिरवले की तिला किंचित पीळ बसतो. तो पीळ मोजून मोटर तेवढीच मदत करते. आधी हात, मग वीज. असा काही जोडीदार फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियराने 1926 मध्ये तेलाच्या दाबावर करून दाखवला होता. जपानच्या सुझुकीने 1988 मध्ये आपल्या सर्व्हो गाडीत तो विजेवर आणला. आमची म्हातारी मात्र सहजासहजी राजी होईना. तिच्या बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले, नव्या यंत्राला ऋण टोक हवे. तिचा डायनामो फार तर डझनभर अँपियर देणार, मोटर जोरात असली की तीस-चाळीस मागणार. तेव्हा सारी जोडणी उलटी केली, डायनामो उतरवून अल्टरनेटर चढवला. गाडीचा वेग मारुतीच्या मेंदूला कळेना, म्हणून मदत कमी-जास्त करायला पोरीने डॅशबोर्डखाली रेडिओसारखी एक खुंटी बसवली. वीज गेली तरी दांडा चाकांना जोडलेलाच राहतो, एवढे मी तीनदा विचारून घेतले. जुना दांडा धोतराच्या पानात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

पहिली परीक्षा चांदबिबीच्या महालाच्या घाटवाटेवर झाली. खरे तर ती सलाबतखानाची कबर. पण लोकांनी चांदबिबीला दिलेले घर कोण परत घेणार? पहिल्या वळणावर मी चाक फिरवले आणि माझा जीव खाली गेला. चाक लोण्यात फिरावे तसे फिरत होते. रस्ता मुका झाला होता.

"बघ," मी म्हणालो, "दादा गेला यातून."

तिने काही न बोलता खुंटी मागे वळवली. पुढच्या वळणावर चाक थोडे जड झाले. त्याच्या पुढच्या वळणावर खडी लागली, आणि ती खडी हलकेच, पण स्पष्ट, माझ्या बोटांना येऊन सांगून गेली. मी गाडी वर महालापाशी नेऊन उभी केली, आणि बराच वेळ उतरलोच नाही.

शर्यतीला मी गेलो नाही; प्रवास झेपत नाही. परतल्यावर तिचा नंबर विचारायचे याही वेळी राहून गेले. मी म्हणालो, "हात दाखव." दोन्ही तळहात कोरे होते. फोड शोधणारे माझे डोळे क्षणभर हिरमुसले, हे कबूल करतो.

हात मागे घेत ती म्हणाली, "आबा, सातव्या फेरीत गाडीची मागची बाजू सुटायला लागली ना, ते मला आधी बोटांत कळलं."

दादाचे ते वाक्य मी तिला कधीच सांगितले नव्हते.