मुका खुळखुळ्या

नाव आणि गुण यांचा मेळ बसलाच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्याने खुळखुळ्या सापाच्या वाटेस जाऊ नये. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे माझे लक्ष आधी नावाकडे. अमेरिका खंडातल्या या सापाला लिनियसने १७५८ साली 'क्रोटॅलस' म्हटले. मूळ ग्रीक शब्द चिपळ्यांसारख्या वाद्याचा. पुढे माथ्यावर बारीक खवल्यांऐवजी नऊ मोठे खवले असलेल्या जाती वेगळ्या काढून त्यांना 'सिस्ट्रुरस' केले. तेही इजिप्तमधल्या वाद्यावरून! म्हणजे भेद डोक्याचा, नाव शेपटीचे.

पण मेक्सिकोजवळच्या सांता कॅटलिना बेटावरचा साप सगळ्यांवर ताण. इतरांच्या शेपटीवर दर कातीला एक कडे उरते. याचे टिकतच नाही. म्हणून हा मुका. तरी १९५४ साली शास्त्रज्ञांनी त्याला 'क्रोटॅलस'मध्येच घातले. उलट आपले कोकणातले फुरसे अंगाचे खवले घासून चांगले करकरते. पण खुळखुळ्याचा जवळचा भाऊबंद ते नव्हे, तर सह्याद्रीत फांदीवर निमूट बसणारा हिरवा चापडा. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली, ऊब टिपणारी खळगी त्या दोघांना आहे, फुरशाला नाही.