साऊ लावली आणि विमान सावरलं

घरच्या संगणकावर डीसीएस हे सिम्युलेटर टाकलं, तेव्हा कोणतं विमान घ्यायचं हा प्रश्न पडलाच नाही. मिग-२१ बिस. १९६४ मध्ये विमानं बनवणाऱ्या एचएएलचा नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना उभा राहिला तो मिगसाठी, आणि ऐंशीच्या दशकात बिस तिथेच बनत होतं. शेजारच्या काकांची सगळी नोकरी त्या कारखान्यात झाली, त्यामुळे शिकवणाराही दारातच मिळाला.

जमिनीजवळ विमान चांगलं ऐकत होतं. दहा हजार मीटरवर मात्र त्याचा नूर पालटला. डावीकडे कललं म्हणून दांडी उजवीकडे न्यावी, तर तोवर ते पलीकडे कललेलं. मग पुन्हा उलट दांडी. झोके थांबेनात.

"अरे, मूठ सैल सोड आधी," काका म्हणाले. "तुझा हात उशिरा पोचतोय. आता साऊ लाव."

साऊ म्हणजे विमानाची स्वयंचलित नियंत्रण प्रणाली. तिचं बटण दाबलं, दिवा लागला आणि झोके बघता बघता विरले. कलण्याचा वेग जायरो मोजतो आणि आपल्या ध्यानात यायच्या आत पंखांवरचे एलरॉन विरुद्ध बाजूला किंचित हलवले जातात. मिगचे पंख आखूड, वजन बहुतेक लांबट धडात, म्हणून ते झटकन कलतं. खालची दाट हवा हे झोके स्वतःच शमवते. वरच्या विरळ हवेत तेवढा जोर नसतो, तिथे यंत्राला ते काम करावं लागतं.

मग काकांनी एआरयू या यंत्रणेचा काटा दाखवला. तिच्यामुळे वेग वाढला की दांडी तेवढीच हलवूनही शेपटीचा स्टॅबिलायझर कमी फिरतो, वेग उतरला की जास्त. उतरायला वेग कमी करत आणला तसा काटा सरकत गेला, आणि नाक मात्र आधीसारखंच हाताखाली राहिलं.

साऊ बंद ठेवूनही मिग उडवता येतं. तेजस या भारतीय लढाऊ विमानाचं तसं नाही. चपळाईसाठी ते मुळातच अस्थिर रचलंय. चौपदरी संगणकीय प्रणाली क्षणोक्षणी सावरते म्हणूनच ते हवेत राहतं. त्या प्रणालीचे नियम बांधण्यासाठी १९९२ मध्ये बंगळुरूच्या एनएएल या संशोधन संस्थेत गट स्थापन झाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने यातलं सहकार्य थांबवलं, तरी काम अडलं नाही; ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबरला ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने सर्वांसमोर उड्डाण केलं.

वैमानिकाच्या धाडसाचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याचं लक्ष झोके सावरण्यात अडकू नये म्हणून कुणीतरी तो जायरो बसवलेला, तपासलेला असतो. साऊ बंद करून थोडा वेळ उंचावर विमान सांभाळलं की त्या कामाचं मोल हाताला कळतं. विमानांचं वेड असलेल्या नाशिकच्या प्रत्येक मुलामुलीने हे एकदा जरूर करून पाहावं.