संत क्रिस्तोफरचे पदक

आमच्या दारी नवी व्हर्चस जीटी प्लस आली. १४९८ सीसीचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती! धर्मगुरूंनी पवित्र जल शिंपडून तिला आशीर्वाद दिला, आणि मन नकळत मागे वळले.

बाबांची पहिली गाडी प्रीमिअर पद्मिनी. जेमतेम ४० अश्वशक्ती; गिअरचा दांडा सुकाणूलगत. थंडीच्या पहाटे चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. मात्र एका पावसाळी रात्री अत्यवस्थ आजीला तिनेच इस्पितळात पोहोचविले. मागे आई जपमाळेची प्रार्थना म्हणत होती. पुढे मी मारुती ८०० घेतली. तीन सिलिंडरांची ती चिमुकली गाडी. पद्मिनीतले संत क्रिस्तोफरचे पदक बाबांनी स्वतः तिच्यात लावले.

परवा बाबांना घेऊन महामार्गावर निघालो. मोकळा रस्ता पाहून मी वेग वाढविला. काटा ताशी ११०च्या पुढे सरकला. बाबांचा थरथरता हात समोर काहीतरी चाचपू लागला. तिथे पदक नव्हते, गुळगुळीत पडदा होता.

“आज कुणी आजारी आहे का रे?” त्यांनी हळूच विचारले.

मी पाय सैल केला. भार हलका झाला, की या इंजिनाचे चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप विसावतात. एवढे बळ असून थांबणे यंत्राला साधते. मला मात्र बाबांनी आठवण द्यावी लागली.

घरी परतताच मी जुन्या मारुतीतले पदक काढून आणले. ते बाबांनीच लावले.