डोंबिवलीची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. ‘लीलावती’तल्या स्थानांच्या नावांनी ही संख्या वाचायला घेतली, की जीभ आधी अडखळते आणि मग तिला गोडी लागते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज आणि ऐन माथ्यावर नऊ अर्बुद. पुढे उतार: आठ कोटी, सात प्रयुत, थेट एककाच्या घरातल्या एकापर्यंत. परार्ध फक्त एक घर पुढे राहतो.

इतकी देखणी संख्या कुणीतरी बसून रचली असेल असं वाटतं. पण ती नुसत्या एकांची आहे. १११११११११ ला त्याच संख्येनं गुणा. पाटीवर नऊ ओळी पडतात, सगळ्या एकांच्याच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात पुरे नऊ; मग पुन्हा आठ, सात. पाटीवरचे एक मोजले तर ८१, आणि संख्येतल्या अंकांची बेरीजही ८१. असणारच, रकान्यांत एकांखेरीज होतं काय!

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हणत. डेमलो म्हणजे आपली डोंबिवली, जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनावर कल्पना सुचली, म्हणून हे नाव. (आज सकाळच्या गर्दीत तिथं वर्ग सुचणं सोडाच, पाऊल टेकवता आलं तरी पुरे.) त्याच्या हजारेक वर्षं आधी, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त हिची धाकटी बहीण नोंदली आहे: १२३४५६५४३२१.

गणिती जी. एच. हार्डींना अंकांच्या असल्या गमतींचं कौतुक नव्हतं. कोड्यांच्या सदरापुरत्या त्या ठीक, असं त्यांचं मत. मला ते अर्धंच पटतं. ही चढण आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून दिसते, हे खरं. पण ती मोडते कशी, ते बघण्यासारखं आहे. नवाऐवजी दहा एकांचा वर्ग करा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा जमले, हातचा आला. शेजारच्या नवाचे दहा झाले, त्यांनी हातचा पुढे ढकलला, आठाचे नऊ झाले आणि हातचा तिथं जिरला. उजवा उतार शाबूत, कारण हातचा डावीकडेच जातो. चढणीतला आठ मात्र गेला.

हाच आठ मूळ संख्येच्या पोटातही हरवलेला आहे. तिला ८१ नं भागा, उत्तर येतं १२३४५६७९ चा वर्ग. आणि १ ला ८१ नं भागून दशांश लिहीत गेलात, तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं अखंड चालतं, आठ कधीच येत नाही. तिथंही दहाव्या पायरीला तोच हातचा आडवा येतो.