न्यायचे कुठे?

घरात कोणी आजारी पडले, की दुखणे काय आहे याच्या अगोदर ‘न्यायचे कुठे?’ हा प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या घराच्या कोपऱ्यावरच दवाखाना आहे, त्या वाचकांना तो किरकोळ वाटेल. आम्ही उभयता शिक्षकी पेशाच्या निमित्ताने काही वर्षे राजूरला राहिलो, तेव्हा या दोन शब्दांचे वजन आम्हाला कळले.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे 2024 पूर्वीच्या अहमदनगरच्या, वायव्य कोपऱ्यात अकोले तालुक्यात राजूर आहे. भंडारदऱ्याला जाणारा प्रवासी येथे पेढे घेण्यापुरता थांबतो. भोवतालच्या वाड्यापाड्यांतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना मात्र हे मोठे गाव. बाजार येथे, आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी येथे, शासनाचे ग्रामीण रुग्णालयही येथेच. विठा घाटाने अकोले वीसेक किलोमीटर, तेथून जवळजवळ तितकेच संगमनेर. त्याच रस्त्याने आणखी पुढे लोणीचे प्रवरा रुग्णालय. उलट दिशेला घोटीवरून नाशिक. वाटा पुष्कळ आहेत, आणि ज्या घरात रुग्ण आहे त्या घराचे तेच संकट आहे. ओसरीवर माणसे जमतात. मामा म्हणतात, संगमनेरच्या डॉक्टरचा हातगुण चांगला. चुलत्यांना नाशिकखेरीज दुसरे काही दिसत नाही. म्हातारी हळूच भगताचे नाव काढते. पैसे कोणाकडून उसने आणायचे, सोबत कोण जाणार, गुरे कोण सांभाळणार, ही बोलणी चालू असतात. जिच्या नवऱ्याचे दुखणे, त्या सुनेला कोणी विचारीत नाही. दोन मैलांवरच्या सरकारी रुग्णालयाचे नाव सर्वांत शेवटी निघते. जे फुकट मिळते ते हलके असणार, अशी आपल्या मनाची जुनी खोड आहे.

बाळंतपणात माता का दगावतात, याचा विचार करताना थॅडियस व मेन या दोन अभ्यासकांनी 1994 साली तीन विलंब सांगितले. पहिला निर्णय घेण्यातला, दुसरा पोहोचण्यातला, तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपण रस्त्यांविषयी बोलतो, डॉक्टरांच्या गैरहजेरीविषयी तावातावाने बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण पहिला विलंब आपल्याच ओसरीवर घडतो.

भातलावणीच्या दिवसांतली एक पहाट आठवते. शेजारचा तरुण जमिनीवर अंथरूण टाकून निजला होता. पोटात कळा येतात म्हणून उठला. घरच्यांनी ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, शब्द अडखळू लागले. मण्यार बहुधा रात्री, निजलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ नसते, खूणही सापडत नाही, आणि पहाटे पोटदुखीनेच दुखणे प्रकट होते. ओसरीवर नेहमीची सभा भरली. “गुरुजी, तुम्हीच सांगा,” असे कोणी म्हणाले, पण आमच्या अगोदर त्याची दहावीतली बहीण बोलली, “आधी राजूरला न्या. पुढचं तिथं ठरवा.” मुलीच्या जातीने वडीलमाणसांत तोंड घातले म्हणून एरवी तिला बोलणी बसली असती. त्या दिवशी जीप निघाली. राजूरला प्रतिविष सुरू झाले, आणि मग रुग्णवाहिकेतून, श्वासाची सोय करून, त्याला पुढे नेले. आठवड्याने तो घरी आला.

सर्पदंशात लांबचे नामांकित रुग्णालय शोधण्याला अर्थ नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. घोणसेच्या विषाने रक्त गोठेनासे होते; ते ओळखायला काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात, एवढीच परीक्षा. तिला नाशिक लागत नाही. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, मात्र पावसाळ्यात घाटघरच्या बाजूला तिची वाट पाहण्यापेक्षा गावातली जीप बरी, हे तेथील माणसांना पक्के ठाऊक आहे.

सावकाश वाढणाऱ्या दुखण्याची गोष्ट निराळी. तेथे घाई नुकसान करते. आमच्या परिचयाच्या एका बाईंना शस्त्रक्रियेसाठी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेले. दारातच अनामत मागितली, शेताचा तुकडा गहाण पडला. 2012 साली ‘जीवनदायी’ नावाने सुरू झालेली, आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी शासकीय योजना अशा वेळी उपयोगी पडते. पण ती ठराविक रुग्णालयांतच लागू आहे. तेथे ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. शिधापत्रिका घेऊन त्याला आधी विचारायला आठ दिवस गेले असते, तरी त्या दुखण्यात काही बिघडले नसते.

या भागातल्या डांगी बैलाने चारा सोडला, तर संध्याकाळच्या आत गुरांच्या डॉक्टरला निरोप जातो, हे आम्ही पाहिले आहे. यावरून शहरातले पाहुणे लगेच नाक मुरडतात. आमचे मत तसे नाही. बैलाचा मालक एक असतो आणि तो एकटा ठरवतो. माणसाच्या बाबतीत दहाजणांचा मान राखावा लागतो.

म्हणूनच ओसरीवर एक जाणते, विश्वासाचे माणूस असणे फार मोलाचे. आपल्या कित्येक धर्मग्रामांत धर्मभगिनींचा लहानसा दवाखाना हेच काम करी. औषधे मोजकीच, पण “हे येथे बरे होईल, याला मात्र आजच मोठ्या दवाखान्यात न्या,” हा सिस्टरचा शब्द घरातले वडीलही मानीत. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 पासून तोच धागा गावोगावी नेला. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, ज्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या होत्या, अशा बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. गावाने ज्यांना पूर्वी उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्यांनाच पुढे गाव विचारू लागले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज पाड्यांवर ‘आशा’ ताई दिसतात. त्यांच्या पिशवीतल्या गोळ्यांइतकाच त्यांचा शब्दही चालला पाहिजे.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आम्ही राजूरला जाऊन आलो. जुन्या शेजारच्या आजी भेटल्या. नातसून सात महिन्यांची गरोदर होती. दाराशेजारी भिंतीवर कोळशाने जीपवाल्याचा क्रमांक लिहिलेला दिसला. आम्ही विचारण्याआधीच आजी म्हणाल्या, “समदं ठरवून ठेवलंय, बाई. कुठं न्यायचं, कुणाच्या गाडीनं, संगं कोण. भगतालाबी सांगितलंय, नारळ मागून फोड म्हणून.”