खडूच्या डोंगराखालचं पाणी

सायलेंट पूल हे तळं नकाशात शोधायचं तर आधी गिल्डफर्ड शोधावं. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे काउंटीतलं हे गाव. तिथून डॉर्किंगकडे जाणाऱ्या ए-२५ रस्त्याने सात-आठ किलोमीटर गेलं की रस्ता नॉर्थ डाउन्सच्या टेकड्या उतरून खाली येतो. पायथ्याशी डाव्या हाताला गाड्या लावायची एक जागा आहे. ऑल्बरी नावाचं खेडं तिथून जवळच. झाडीत तळं असेल अशी रस्त्यावरून शंकाही येत नाही.

माझी भाची गिल्डफर्डला नोकरी करते. तिच्याकडे मुक्कामाला गेले होते. लंडनची म्युझियमं आणि राजवाडे पाहून झाले, तेव्हा तिला म्हटलं, "आता मला कुठलं तरी पाणी दाखव." मी साताऱ्याकडची. ओढ्या-नदीशिवाय गाव मला गाव वाटत नाही. ती म्हणाली, "आत्या, अगाथा ख्रिस्तीला ज्या तळ्यात शोधलं होतं, तिथे जाऊ या का?" शाळेत भूगोल शिकवत असताना मोकळ्या तासाला ख्रिस्तीच्या रहस्यकथांचे अनुवाद मी पुष्कळ वाचले होते. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

एप्रिल महिना होता. बीचच्या झाडांना नुकती कोवळी पालवी फुटत होती, त्यामुळे ऊन थेट खाली पोचत होतं. पायवाटेने निघालं की आधी लागतं ते शेरबोर्न पाँड, बांध घालून केलेलं खालचं तळं. मोठं, पण पाणी साधं, गढूळसर. काठाला बदकं, मध्ये पडलेलं एक झाड. शेजारच्या जुन्या शेतघरांत आता जिन गाळण्याचा कारखाना आहे आणि तिच्या निळ्या बाटलीवर याच तळ्याचं नाव आहे. बरीच मंडळी तिथूनच मागे फिरतात. वाट मात्र पुढे थोडी चढते, झाडी दाट होते आणि वरचं तळं समोर येतं.

तळं मोठं नाही, गावाकडच्या एखाद्या देवळामागच्या तळ्याएवढंच. तीन बाजूंनी उतार आणि झाडं, काठाने वाट. पाण्याचा रंग मोरपंखी. कडेला फिकट, आत जावं तसा गडद. पाणी इतकं नितळ, की बुडालेल्या फांदीच्या काटक्या एकेक करून मोजता याव्यात. बीचचं एक जुनं तपकिरी पान तळाकडे चाललं होतं. ते किती तरी वेळ दिसत राहिलं, तळाशी टेकलं तेव्हा खालचा पांढरा गाळ किंचित उठला आणि पुन्हा बसला. तळ्याच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या अगदी मुळाशी, झाडांच्या मुळांखालून पाणी येत होतं. कारंजं नाही, धार नाही. पाण्याचा पृष्ठभाग तेवढ्या जागी थोडा थरथरत होता आणि तळाची बारीक वाळू जागच्या जागी नाचत होती. हे पाहायला खाली वाकावं लागतं. आमच्या मागून आलेली माणसं तळ्याचे फोटो काढून गेली, पण त्या कोपऱ्यापर्यंत कोणी आलं नाही.

ख्रिस्तीची हकीकत भाचीने तिथेच बाकावर बसून पुन्हा सांगितली. १९२६ हे साल त्या बाईंना फार कठीण गेलं. त्याच वर्षी 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' छापून आलं आणि नाव सर्वदूर झालं. त्याच वर्षी आई गेली, आणि नवऱ्याने दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री, सात वर्षांच्या मुलीला घरी ठेवून, त्या गाडी घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मॉरिस काउली गाडी याच डोंगरावर, न्यूलँड्स कॉर्नरच्या उतारावर एका खडूच्या खाणीपाशी सापडली. आत फरचा कोट होता, त्या नव्हत्या. मग पोलीस आले, हजारो गावकरी रानात उतरले, विमानंसुद्धा फिरली. हे तळंही ढवळून काढलं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर त्यांचा एक हातमोजा परलोकविद्या जाणणाऱ्या माणसाकडे नेला. १४ डिसेंबरला त्या सापडल्या यॉर्कशरमधल्या हॅरोगेटच्या हॉटेलात. तिथे त्यांनी आडनाव नोंदवलं होतं ते नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं. पुढे त्यांनी मोठं आत्मचरित्र लिहिलं, पण त्यात या दिवसांबद्दल काही नाही.

लोक याला रहस्य म्हणतात. मला त्यात रहस्य कमी आणि एका बाईचं दुःख जास्त दिसतं. आई गेलेली, संसार मोडत आलेला, आणि साऱ्या देशाचे लोक तिला तळ्यांतून शोधताहेत. त्यांनी त्यावर मौन ठेवलं, ते योग्यच केलं.

दुसरी गोष्ट याहून जुन्या काळातली. लाकूडतोड्याची मुलगी एमा या तळ्यात आंघोळ करत होती. घोड्यावरून एक सरदार आला आणि तिच्याकडे येऊ लागला. ती घाबरून खोल पाण्यात सरकली आणि बुडाली. तिला वाचवायला धावलेला भाऊही बुडाला. तो सरदार म्हणजे राजा जॉन, ११९९ ते १२१६ या काळात इंग्लंडवर राज्य केलेला, ज्याच्याकडून उमरावांनी मॅग्ना कार्टा लिहून घेतला तो. ही कथा घरोघरी पोचवली ऑल्बरीतच राहणाऱ्या मार्टिन टपर या लेखकाने, १८५८ सालच्या 'स्टीफन लँग्टन' या कादंबरीतून. एमा अजून रात्री दिसते, असंही सांगतात. जिनच्या बाटलीवरही तिची गोष्ट चितारली आहे. मला ते रुचलं नाही. राजाला पाहून जीव वाचवायला खोल पाण्यात जाणारी मुलगी ही सजावटीची गोष्ट नव्हे. आपल्याकडेही विहिरीच्या काठाकाठाने अशा किती तरी पोरींच्या कथा आहेत आणि त्या सांगताना बायकांचा आवाज खाली येतो.

ही सगळी माणसांची गोष्ट झाली. मला त्या तळ्याने धरून ठेवलं ते पाण्यासाठी.

परतीच्या वाटेवर उतारावरून ढासळलेला एक पांढरा खडा मी उचलला. हाताला मऊ, कोरडा, बोटांना पीठ लागलं. शेजारी पडलेल्या काळ्या चकमकीच्या दगडावर ओढला तर स्वच्छ पांढरी रेघ उमटली. आयुष्यभर फळ्यावर खडू झिजवला, पण फळ्यावरचा खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो. हा खरा. ही टेकड्यांची रांगच्या रांग खडूची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची चुन्याची कवचं मरणानंतर तळाशी साचत गेली, थरावर थर चढले, पुढे जमीन उचलली गेली आणि डोंगर झाला. आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे मुख्य लोट आले ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे नखाने खरवडता येणारा हा खडू आमच्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा वयाने मोठा आहे. वर्गात हे सांगायला मला फार आवडलं असतं.

या खडूच्या अंगात असंख्य बारीक छिद्रं आणि मोठ्या भेगाही. त्यावर पडलेला पाऊस वाहून जात नाही, आत मुरतो. सगळा डोंगरच माठासारखा आहे, फक्त पाझर बाहेर यायला महिने लागतात. मुरत मुरत पाणी खाली उतरतं, पाणी सहज न झिरपणाऱ्या थरापाशी अडतं आणि मग जिथे उतार संपतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पायथ्याशी अशा झऱ्यांची ओळच असते आणि जुनी गावंही त्याच ओळीने वसलेली दिसतात. गाळून आलेल्या या पाण्यात गाळ नसतो, शेवाळाला पोसणारं खाद्य कमी असतं. पाणी स्वतः लाल रंग शोषतं, निळा मागे ठेवतं, तळ पांढरा असल्याने उजेड परत वर येतो. मोरपंखी रंग त्यातून येतो. पाण्यात हात घातला तर थंडगार लागलं. भाची म्हणाली, हिवाळ्यात हेच पाणी हाताला कोमट वाटतं. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, हे त्याचं कारण.

गिल्डफर्डच्या बाजूला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. तरीही इथला झरा एरवीच्या सालात बारमाही वाहतो आणि आमच्याकडे डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर मार्च उजाडला की हंडे रांगेत लागतात. बेसॉल्ट घट्ट, पाणी धरायला जागा फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत. आणि चार महिन्यांत कोसळणारा पाऊस थांबायला तयार नसतो. दगडाला दोष देऊन उपयोग नाही, पण दगड कसा आहे हे कळल्याशिवाय पाण्याचं नियोजनही करता येत नाही.

इथेही सगळं आलबेल नाही. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वयस्क बाईंनी काठावरच्या एका मुळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, कोरड्या सालात पाणी तिथून खूप खाली गेलेलं त्यांनी पाहिलं आहे. सलग दोन हिवाळे कमी पावसाचे गेले की तळाचा पांढरा चिखल उघडा पडतो. उन्हाळी पावसाचा इथे फारसा उपयोग नसतो, तो झाडं पिऊन टाकतात. डोंगर भरतो तो हिवाळ्यात. खडूतून निघणारे असे ओढे जगात मोजक्याच ठिकाणी आहेत आणि त्यांतले बहुतेक इंग्लंडमध्ये. शहरांसाठी भूजल उपसल्याने त्यांतल्या अनेकांचं पाणी रोडावलं आहे. झरा आटला की आधी लक्षात येतं ते काठावर रोज येणाऱ्या माणसाच्या, सरकारी कागदावर ते फार उशिरा चढतं.

म्हणून मला या देशाची एक गोष्ट फार मोलाची वाटते. शेजारच्या ससेक्समध्ये, अशाच खडूच्या डोंगरात, चिलग्रोव्ह नावाच्या ठिकाणी एका विहिरीच्या पाण्याची पातळी १८३६ सालापासून नोंदवली जाते आहे. राज्यं बदलली, दोन महायुद्धं झाली, ती नोंद चालू राहिली. जगात इतकी जुनी भूजलाची नोंद क्वचितच असेल. दुष्काळ कधी आला, किती खोल गेला, पाणी परत कधी चढलं, हे तिथे तारीखवार आहे.

सायलेंट पूल पाहायचं असेल तर ओल्या हिवाळ्यानंतरच्या मार्च-एप्रिलात जा. डोंगर तेव्हा भरलेला असतो. वरच्या टोकापर्यंत चालत जा, वाकून झरा पाहा. पाण्यात नाणी टाकू नका. आणि तुमच्या गावाच्या डोंगरात एखादा झरा, टाकं किंवा जुनी विहीर असेल तर एक वही घ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाणी कुठपर्यंत आहे ते दोरीने मोजून तीत लिहा, आणि ते काम शाळेतल्या मुलांच्या हाती द्या.